साडेचार इंची भिंत

रविवार, २ फेब्रुवारी

नवी डायरी. कागद गुळगुळीत, पेन छान सरकतं. कामाला लागायला हरकत नाही.

ह्यांची रिटायरमेंट मेअखेर. कंपनीची क्वार्टर नोव्हेंबरअखेर रिकामी करायची. म्हणजे आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर आम्ही आता घ्यायचं, ज्या वयात लोक घर मुलांच्या नावावर करतात. घाबरण्यासारखं काही नाही. शहराबाहेर दोन टाउनशिप उभ्या राहताहेत. एकीच्या जाहिरातीत टेकडी आहे, दुसरीच्या जाहिरातीत तळं. दोघींची खरी नावं इतकी लांब आणि इतकी सारखी आहेत की मी इथे टेकडी आणि तळं एवढंच लिहिणार.

पलीकडच्या भाऊजींची रिटायरमेंटही ह्यांच्याबरोबरच. पलीकडची म्हणजे माझी मैत्रीण, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीच्या पलीकडे राहते म्हणून पलीकडची. मी नवी नवरी म्हणून या क्वार्टरमध्ये आले तेव्हा ती आधीपासून तिथे होती. आज चहावर ठरलं की दोन फ्लॅट घ्यायचे, शेजारी शेजारी, मधे एकच भिंत. ठरलं म्हणजे मी ठरवलं. ती बघू म्हणाली. तिचं बघू म्हणजे हो असतं.

संकल्प: महिनाअखेर निर्णय. डोकं थंड. भावनेला थारा नाही. सेल्सच्या लोकांना क्वार्टरच्या गोष्टी सांगायच्या नाहीत.

रविवार, ९ फेब्रुवारी

टेकडी पाहिली. टेकडी म्हणजे पायासाठी खणलेल्या मातीचा ढीग. वर हिरवळ लावली आहे. गेटवरचा बोर्ड हे मोठ्यानं वाचून दाखवत होते. मला दिसत होताच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षी लांबच्या चष्म्याचा नंबर काढून दिला, पण गरज वाटत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरी केलेली बाई. माझं सगळं काम कानाचं, आणि कान अजून लखलखीत आहेत.

सेल्सचा मुलगा निळ्या कोटात. सँपल फ्लॅटमध्ये घेऊन गेला. पलंग असा आखूड की हे आडवे झाले तर पाय बाहेर. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग लहान करतात, असं हे नंतर म्हणाले. तिथेच म्हणाले असते तर बरं झालं असतं, मी पलंगाचं कौतुक करून चुकले होते.

स्वयंपाकघरात पर्समधून पळी काढली आणि भिंतीवर ठोकून पाहिलं. आवाज भिंतीतच मेला. निळा कोट खूष. म्हणाला, काँक्रीटची भिंत आहे मॅडम, पलीकडे कोणी बँड वाजवला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. मी शेरा मारला: बांधकाम निकृष्ट.

हे म्हणाले, भिंत उत्तम आहे. हे ड्राफ्ट्समन. आयुष्यभर भिंती काढल्या, पण कागदावर.

निळ्या कोटाला क्वार्टरची एकच गोष्ट सांगितली. तो मधेच दोनदा पाणी प्यायला उठला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पळीबद्दल लेकीनं फोनवर थट्टा केली. म्हणून इथे नीट नोंदवून ठेवते की मी भिंतीची क्वालिटी तपासते, बाकी काही नाही.

आता आमच्या क्वार्टरची मधली भिंत साडेचार इंची आहे आणि पळीनं दोनदा ठोकलं की पलीकडे स्पष्ट ऐकू जातं, हा निराळा विषय. दोन ठोके म्हणजे चहा झाला, ये. तिकडून दोन म्हणजे आले. सतत ठोकलं तर असशील तशी धावत ये. लेकीला ताप चढून फिट आली तेव्हा मी तसं ठोकलं होतं, आणि पलीकडची एका पायात चप्पल घालून आली होती. पण ते जाऊ दे.

कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये आमच्या खाटांच्या मधे लाकडी पार्टिशन होती. दिवे गेले की बोलायला बंदी. सिस्टर फेरी मारून गेल्या की पलीकडून कुणीतरी नखानं टकटक करायचं, म्हणजे मी आहे, झोप. घर सोडून आलेली आठ वर्षांची मुलगी त्यावर झोपायची.

याचा घर घेण्याशी संबंध नाही. उगाच लिहिलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

तळं पाहिलं. म्हणजे तळं फेज-टूमध्ये येणार आहे. सध्या तिथे खड्डा आहे आणि काठावर बाक. आम्ही बाकावर बसून खड्डा पाहिला.

इथे सेल्सला एक बाई, गळ्यात रेशमी रुमाल. गोड बोलते. कम्युनिटी लिव्हिंग हा शब्द तिनं इतक्यांदा वापरला की मला विचारावं लागलं, कम्युनिटीत कोण कोण आहे. म्हणाली, लाइक-माइंडेड पीपल. क्वार्टरमध्ये एकाचंही डोकं दुसऱ्यासारखं नव्हतं, तरी भागत होतं, असं मी तिला सांगितलं. मग उदाहरणादाखल थोडं अजून सांगितलं.

भिंत मात्र सुरेख. पोकळ ब्लॉक. ह्यांना शेजारच्या फ्लॅटमध्ये पाठवलं आणि ठोकलं. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं. तेवढ्यात हे माझ्या मागे उभे. म्हणाले, अगं, या भिंतीच्या मागे शेजारचं स्वयंपाकघर नाही, जिना आहे. तिथे मला एक कुत्रा भेटला.

प्लॅन उघडून त्यांनी समजावलं की हल्ली दोन स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून कोणी बांधत नाही. मधे पाइपांची डक्ट असते, नाहीतर जिना, नाहीतर लिफ्ट. प्लॅन्ड कम्युनिटी म्हणे. हे प्लॅन केलं कोणी, ज्याला कधी कुणी चहाला बोलावलं नाही त्यानं?

शनिवार, १ मार्च

महिनाअखेर निर्णय झाला नाही. फेब्रुवारी लहान असतो.

पलीकडचीला दोन्ही ठिकाणचं सांगितलं. तिनं एकच विचारलं, गॅलऱ्या समोरासमोर आहेत का. मी म्हटलं, टेकडीत आहेत, मधे बाग आहे, पण गॅलरीचं काय घेऊन बसलीस, भिंतीचं बोल. ती म्हणाली, समोर दिसलीस म्हणजे बरं. तिला पडद्यांचा भारी सोस. नव्या घरी खिडक्या किती आणि पडदे कुठले, यातच तिचं मन.

रविवार, ९ मार्च

टेकडीला दुसरी फेरी. टेकडी उजवीकडे सरकली आहे आणि बसकी झाली आहे. निळ्या कोटाला विचारलं. म्हणाला, भरावाला माती लागते ना मॅडम. म्हणजे ही टेकडी वापरून संपवणार. जाहिरातीचं काय, विचारलं. म्हणाला, जाहिरातीत ती कायम राहील.

भाव वाढलाय. मी जराही चलबिचल दाखवली नाही. हे म्हणाले, माझा चेहरा कावळ्यानं पापड पळवल्यासारखा झाला होता.

गुरुवार, १३ मार्च

धोरण ठरलं. मी घासाघीस करते आहे हे दोन्ही टाउनशिपना कळता कामा नये. पलीकडची सगळं सुनेला सांगते, सून जगाला सांगते. म्हणून नियम: मी निर्णय जाहीर करेपर्यंत दोन्ही घरांत घराचा विषय बंद. होस्टेलवर मौनाचा तास असायचा तसा. ओठावर बोट ठेवलं की समोरच्यानं गप्प व्हायचं.

पलीकडची म्हणाली, बरं मदर. चिडली की ती मला मदर सुपिरियर म्हणते. भाऊजी म्हणाले, निदान हवापाण्यावर बोललं तर चालेल ना? त्यांना चालेल म्हणून सांगितलं.

शनिवार, १९ एप्रिल

हवापाण्यावर बोलून कंटाळा आला. पण शिस्त म्हणजे शिस्त.

पलीकडची आज म्हणाली, ऐक ना, तुला एक सांगायचंय, घराचं नाही, माझं आहे. मी म्हटलं, सांग. तिनं उजव्या कानावरून केस मागे घेतले आणि म्हणाली, हल्ली मला... तेवढ्यात दूध उतू गेलं. मग ती उठली. नवीन कानातलं घेतलं असेल. पुढच्या वेळी आठवणीनं कौतुक करायचं.

शनिवार, ३१ मे

ह्यांचा निरोप समारंभ. भाषणात साहेब म्हणाले, यांच्या हातची रेघ कधी वाकडी गेली नाही. घरी आल्यावर हे बराच वेळ बूट न काढता बसले होते. मी पळी उचलली, दोन ठोके दिले. पलीकडून लगेच दोन. चौघांनी चहा घेतला. बरं वाटलं.

अशी भिंत मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही. भावनेचा प्रश्न नाही. रीसेल व्हॅल्यूचा आहे.

रविवार, १५ जून

पलीकडची बहिणीकडे गेली आहे, आठवडाभर. मी विसरून सवयीनं ठोकलं. पलीकडून दोन ठोके आले. मी दचकले. दारात भाऊजी, हातात त्यांचा स्वतःचा कप.

म्हणाले, वहिनी, ती नाही. पण ठोकलंत तर राहवलं नाही.

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत काय उत्तर द्यायचं? ते म्हणाले, केव्हाचं मीच देतो की. तिचा उजवा कान गेलाय वहिनी, आणि डाव्याचंही फार उरलेलं नाही. तुमचं ठोकणं मी ऐकतो, तिच्या वतीनं ठोकतो आणि तिला खुणेनं सांगतो, जा, बोलावलंय. तिला तुम्हाला सांगायची लाज वाटते. तुम्ही कानाच्या माणूस ना.

विचार केला. मला पटत नाही. मी एक्स्चेंजवरची बाई, नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायची. रोज कोण ठोकतंय ते मला कळलं नसतं? बायको घरी नसली की पुरुषांना करमत नाही, मग काहीतरी श्रेय घेतात. पलीकडचीला हे सांगून तिचं मन दुखवायचं नाही.

हे म्हणाले, भाऊजी खोटं कशाला बोलतील. ह्यांनाही करमत नाही हल्ली.

रविवार, ६ जुलै

तळ्याच्या प्लॅनमध्ये सापडलं. सी बिल्डिंग, तिसरा मजला, कोपऱ्यातले दोन फ्लॅट. जागा अडचणीची म्हणून आर्किटेक्टनं नाइलाजानं दोन स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावली आहेत. ह्यांच्याच भिंगातून पाहिलं. मधली भिंत पोकळ ब्लॉकची. रुमालवाली म्हणाली, मॅडम, ते फ्लॅट कोणी घेत नाही, एकमेकांचा मिक्सर ऐकू येतो. मी चेहरा कोरा ठेवला.

तरी लगेच होकार द्यायचा नाही. टेकडी आधी भाव पाडेल, तो तळ्याला दाखवायचा.

बुधवार, ६ ऑगस्ट

निळा कोट रोज फोन करतो. मी उचलत नाही. हे माझं नवं तंत्र. फोन जितका वाजेल तितका भाव उतरणार. त्याला मीच बजावलं होतं की व्यवहार माझ्याशी, ह्यांना फोन करायचा नाही. तोही बिचारा नियम पाळतो.

हे म्हणाले, त्या मुलाचा फोन घे. मी ओठावर बोट ठेवलं. ह्यांनी रेडिओ लावला, मोठ्यानं.

सोमवार, ११ ऑगस्ट

आज पलीकडची म्हणाली, मदर, त्या निळ्या कोटाचा फोन घे गं. मी ओठावर बोट ठेवलं. ती म्हणाली, मी घराचं बोलत नाहीये, फोनचं बोलतेय. मी म्हटलं, फोन म्हणजेच घर. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, एकदा घे, माझ्यासाठी. तिला वाटतं त्या मुलाला वाईट वाटत असेल. अशा मऊ मनाच्या माणसांनी घरं घेऊ नयेत.

घरी निघताना तिनं माझा हात धरून ठेवला जरा वेळ. वय झालं की असं होतं.

रविवार, २४ ऑगस्ट

विजय. तळ्यात सी बिल्डिंगच्या एका फ्लॅटला टोकन दिलं. परत न मिळणारं, पण परत मागतंय कोण. पाठीला पाठ असलेला दुसरा फ्लॅट रुमालवालीनं पलीकडचीसाठी अडवून ठेवलाय. निळ्या कोटाचे फोन थांबले आहेत, म्हणजे हरला.

उद्या संध्याकाळी चौघांचा चहा. मौन उठवणार. पलीकडचीचा चेहरा बघायचाय.

सोमवार, २५ ऑगस्ट

पाहिला.

पळीनं ठोकलं. दोघं आली. मी जाहीर केलं. पलीकडची भाऊजींकडे बघायला लागली. त्यांनी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन, सावकाश, माझं बोलणं परत सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

झालं होतं ते असं. जुलैत त्यांनी टेकडीत घर घेतलं. आणि बागेपलीकडचा, गॅलरीसमोर गॅलरी असलेला फ्लॅट स्वतःचं टोकन देऊन आमच्यासाठी धरून ठेवला. घराबद्दल बोलायचं नाही असा माझा हुकूम. म्हणून निळ्या कोटाला सांगितलं, तू फोन कर आणि तूच सांग. त्यानं महिनाभर केला. गेल्या आठवड्यात मुदत संपली आणि फ्लॅट दुसऱ्यांना गेला.

ह्यांना माहीत होतं. म्हणाले, तीनदा सांगायला आलो, तीनदा तू बोट ठेवलंस. चौथ्यांदा मला राग आला.

पलीकडची म्हणाली, मला तुझं ठोकणं ऐकू येत नाही गं. केव्हापासून येत नाही. मला तू दिसायला हवी होतीस. मग म्हणाली, जन्मभर लोकांचे फोन जोडून दिलेस, तुला स्वतःचा एक उचलता आला नाही, मदर?

रडत नव्हती. चिडली होती. ती चिडली की रडत नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

निळ्या कोटाला मी फोन केला. त्यानं उचलला नाही. पुन्हा केला. उचलला आणि म्हणाला, सॉरी मॅडम.

मंगळवार, २६ ऑगस्ट

काही नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

शांतपणे विचार करता जे झालं ते बरंच झालं. ह्यांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की तळं आणि टेकडी यांच्या मागच्या बाजू एकमेकींना लागून आहेत. मधे एकच कंपाउंडची भिंत. म्हणजे शेवटी आमच्यात एक भिंत असणारच. मी हेच तर म्हणत होते.

ह्यांनी सांगितलं की भिंत जवळ असली तरी दोन्ही गेटं विरुद्ध रस्त्यांवर आहेत, जायला मोठा वळसा. ह्यांना प्रत्येक गोष्टीत वळसा दिसतो.

पलीकडची बोलते. कमी बोलते. मी आता तिच्या डाव्या बाजूला बसते. तिनं पाहिलं आणि बशी माझ्याकडे सरकवली.

रविवार, २३ नोव्हेंबर

क्वार्टर सोडली. सामान गेल्यावर स्वयंपाकघर एवढंसं दिसत होतं. भिंतीवर पळीच्या उंचीला चुना उडून एक वाटोळा खळगा झालाय. पलीकडची आदल्या दिवशीच गेली होती. तरी मी दोन ठोके दिले. उत्तर आलं नाही. अर्थात, भाऊजीही गेले होते.

म्हणजे तिकडे कोणीच नव्हतं, एवढाच अर्थ.

बुधवार, ३ डिसेंबर

तळ्यात अजून खड्डाच आहे. टाइल्सचा वास येतो. लिफ्ट इंग्रजीत बोलते, उच्चार वाईट.

स्वयंपाकघरामागच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी राहायला आलंय. मिक्सर ऐकू येतो. सवयीनं पळी उचलली गेली. पलीकडचा मिक्सर बंद झाला. बराच वेळ सगळं गप्प, मग पुन्हा सुरू.

शुक्रवार, ५ डिसेंबर

कंपाउंडच्या भिंतीवर ठोकून पाहिलं. नऊ इंची असावी. आवाज गेला नाही, वॉचमन मात्र आला. त्याला वाटलं मी खिळा मारतेय. चांगला माणूस आहे. त्याला क्वार्टरची एक गोष्ट सांगितली.

रविवार, ७ डिसेंबर

नोटीस बोर्डावर कागद लागलाय. सी बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर कोणी इसम रोज सकाळी भिंतीवर ठोकतो, रहिवाशांना त्रास होतो, कृपया थांबवावे. खाली सह्या. मीही सही केली. शिस्त हवीच.

जिना चढताना लक्षात आलं. परत जाऊन खोडायला लाज वाटली.

सकाळी दहा.

चहा ठेवला. पळी कपाटात ठेवून दिली आणि गॅलरीत गेले तर हे कठड्याशी उभे राहून आमचं पिवळं पायपुसणं झटकत होते. दोनदा. जन्मात कधी पायपुसण्याला हात लावला नाही ह्या माणसानं. म्हटलं, हे काय? म्हणाले, टेकडीची माती सगळी संपली, आता पलीकडचं स्पष्ट दिसतं.

मी पाहिलं. समोर एक मोठी बिल्डिंग आहे, तिला खूप गॅलऱ्या आहेत, इतपत मला चांगलं दिसतं.

हे म्हणाले, तिसरा मजला, डावीकडून दुसरी. रोज याच वेळेला उभी असते, हातात लाल काहीतरी. दोनदा हलवते आणि थांबते. आल्या दिवसापासून.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

म्हणाले, तुला चष्मा लागत नाही ना. म्हणून तुझ्या वतीनं मी हलवतो.

मी बशी घालून चहा झाकून ठेवला आणि चप्पल शोधायला लागले. वळसा मोठा आहे, हे म्हणाले. असू दे म्हटलं. वाटेत चष्म्याचं दुकान लागतं.

दुकान रविवारी बंद असतं, हे गेटपाशी पोचल्यावर आठवलं. चष्म्याचं उद्या. नक्की. आज तशीच जाते.